आमच्याच दारात रॅम्प का? पुण्यातल्या कचरा हस्तांतरण केंद्राच्या जागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या प्रभागात नव्या रॅम्पची कुणकुण लागली की आठवड्याभरात तेच ते प्रश्न यायला लागतात. बैठकांमध्ये, फोनवर, कधी भाजी घेताना थांबवून लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. शहराला रॅम्प लागतो, आणि ज्या भागाचा कचरा त्याच भागात त्याचा रॅम्प असावा. मात्र तो कसा चालेल हे लेखी ठरल्याशिवाय कुणीही मान डोलावू नये.

१. रॅम्प म्हणजे नेमकं काय? तो कचरा डेपोच ना?

नाही, आणि बैठकीत निम्मा गोंधळ याच गैरसमजातून होतो. घरोघरचा कचरा घेऊन आलेल्या छोट्या गाड्या उतारावरून वर चढतात आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत तो रिकामा करतात. या चढावावरूनच पुण्यात 'रॅम्प' हे नाव पडलं. सरकारी कागदात त्याला कचरा हस्तांतरण केंद्र म्हणतात. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (१ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) त्याची व्याख्या होती. गोळा झालेला कचरा घ्यायचा आणि झाकलेल्या गाडीतून एकगठ्ठा प्रक्रियेच्या किंवा विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवायचा, एवढंच त्याचं काम.

डेपोत कचरा वर्षानुवर्षं पडून राहतो. रॅम्पवर तो काही तासच थांबायला हवा. रात्री तिथे ढीग शिल्लक राहत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तिथे डेपो सुरू झाला आहे असं समजा.

२. मग घंटागाड्या थेट प्रकल्पावरच का नेत नाहीत?

हिशोब करून बघा. कोथरूडहून उरुळी देवाचीचा कचरा प्रकल्प वीस-पंचवीस किलोमीटर. समजा एका घंटागाडीत टनभर कचरा मावतो. दहा घंटागाड्या तिकडे पाठवल्या तर दहा चालक, दहा मदतनीस आणि दहा गाड्यांचं डिझेल हडपसरच्या कोंडीत अडकणार. त्या गाड्यांची दुसरी फेरी होणार नाही आणि निम्म्या गल्ल्यांत दुपारपर्यंत घंटाच वाजणार नाही. तोच दहा टन कचरा एका मोठ्या बंद गाडीत गेला तर छोट्या गाड्या आपल्याच भागात फिरत राहतात. पुण्यात दिवसाला दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो, म्हणजे हा प्रश्न दहा गाड्यांवर थांबत नाही.

मुंबईतही महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा इथे अशी केंद्रं आहेत. तिथे तर एके काळी हे काम रेल्वेनं केलं. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ मध्ये कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकला होता. प्रवासी गाड्या त्यावर १९२४ मध्ये धावू लागल्या.

३. प्रत्येक सोसायटीनं आपला कचरा आवारातच जिरवला तर रॅम्प लागेल का?

लागेल, पण बराच लहान लागेल. २०१६ च्या नियमांनुसार दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे 'मोठे कचरा निर्माते' ठरत. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा, अशीही त्यांत अपेक्षा होती. पण सुका कचरा, डायपर, सॅनिटरी पॅड, फुटक्या काचा यांना बाहेर जावंच लागतं. शिवाय पेठांतल्या वाड्यांत आणि वस्त्यांमध्ये खताचा खड्डा करायला जागा कुठून आणणार?

तरी हा मुद्दा बैठकीत जोर लावून मांडा. वास आणि गळणारं काळं पाणी मुख्यतः ओल्या कचऱ्यामुळे होतं. भागातल्या मोठ्या सोसायट्यांचे खत प्रकल्प खरोखर सुरू आहेत का, याची यादी मागा. कागदावर सुरू आणि प्रत्यक्षात कुलूप, असे प्रकल्प मी स्वतः पाहिले आहेत. ते सुरू झाले तर रॅम्पची क्षमता किती कमी करता येईल, याचं उत्तर अधिकाऱ्यांकडून आकड्यांत घ्या.

४. इतकी वर्षं कचरा शहराबाहेर जातच होता. आताच आमच्याकडे कशाला?

'बाहेर' म्हणजे कुणाचं तरी गाव होतं, म्हणून.

आधी कोथरूडला डेपो होता. तेव्हा कोथरूड शहराच्या कडेला होतं. शहर तिथवर पोचलं, डेपो बंद झाला, आणि आज त्या जागी मेट्रोचा वनाज डेपो उभा आहे. कचरा मात्र थांबला नाही. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीवरच्या १६३ एकरांवर जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. बागायती गावातल्या माणसांना टँकरची वाट पाहावी लागली. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या आणि दर वेळी आश्वासनावर आंदोलन मिटलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा सुमारे तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही. शहरात ठिकठिकाणी ढीग साचले आणि पुणेकरांनी नाकाला रुमाल लावले. फुरसुंगीकरांच्या नाकाला तो वास त्याआधी कितीतरी वर्षं होता.

त्याच वर्षी अकरा गावं महापालिकेत घेतली, त्यांत ही दोन्ही होती. पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे आपला कचरा ज्यांच्याकडे जात राहिला, त्यांना आपल्या मुख्य सभेत मतही नाही. 'आमच्याकडे नको' हे वाक्य बोलण्याआधी हे आठवावं, एवढी माझी विनंती आहे.

५. जागा नक्की कोण ठरवतं? नगरसेवक, आयुक्त की राज्य सरकार?

तिघेही, वेगवेगळ्या टप्प्यावर. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हे नगरपालिकांचं काम म्हणून नोंदलं आहे. प्रस्ताव घनकचरा विभाग तयार करतो. जागा विकास आराखड्यात (आपण डीपी म्हणतो तो) त्याच कामासाठी राखीव असेल, तर आयुक्त पुढे जाऊ शकतात, खर्चाची मंजुरी स्थायी समिती देते. आरक्षण बदलायचं असेल तर विषय मुख्य सभेत येतो आणि अंतिम मंजुरी राज्य सरकारची लागते.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ सगळे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळात झालेल्या निर्णयांवर सभेत चर्चाच झालेली नाही. तुमच्या रॅम्पचा ठराव त्या काळातला असेल, तर 'हा विषय प्रभाग समितीत पुन्हा ठेवा' अशी मागणी रास्त आहे.

६. हरकत कधी आणि कशी नोंदवायची?

आरक्षणात बदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते. सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, तुम्ही शेजारी असायला हवं असं नाही. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. सोसायटीत एकाला हे वाचण्याचं काम नेमून द्या.

हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. पाचशे जणांच्या सहीचा एकच छापील मजकूर देण्यापेक्षा वीस जणांनी वेगवेगळे, ठोस मुद्दे लिहिले तर सुनावणीत त्यांना उत्तरं द्यावी लागतात. शाळा किती मीटरवर आहे, रस्त्याची रुंदी किती, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, असे मुद्दे.

त्याआधी फाइल बघा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. तोवर हरकतींचा महिना संपलेला असतो. म्हणून सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना कागदपत्रं पाहू द्यावीत, या २०१८ च्या शासन निर्णयाचा आधार घ्या. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. जाताना वही न्या. जागेचा नकाशा, क्षमता आणि गाड्यांच्या रोजच्या फेऱ्या, एवढं तरी उतरवून घ्या.

७. डीपीत या जागेवर बाग दाखवली आहे. तरी रॅम्प होऊ शकतो?

थेट नाही. आधी आरक्षण बदलावं लागेल, त्याची पद्धत प्रश्न ६ मध्ये आहे. नुसत्या 'सार्वजनिक उपयोगिता' अशा ढोबळ नावाच्या आरक्षणाबाबत सावध राहा, त्यात पुष्कळ काही बसवता येतं.

उलटही घडतं. रॅम्पसाठी राखीव जागा महापालिका ताब्यातच घेत नाही. दहा वर्षं झाली की जमीनमालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो, २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं आणि तिथे इमारत उभी राहते. मग घाईघाईनं दुसरी, चुकीची जागा शोधली जाते. तुमच्या भागातली अशी हातची गेलेली आरक्षणं शोधून काढली तर सभेत तुमचं म्हणणं वजनदार होतं.

८. वस्तीपासून ठरावीक अंतराच्या आत असं केंद्र करता येत नाही, हे खरं ना?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर निराश करणारं आहे. २०१६ च्या नियमांतली अंतरं भराव टाकण्याच्या जागेसाठी, म्हणजे लँडफिलसाठी होती. नदीपासून १०० मीटर; तळी, महामार्ग, वस्ती, उद्यानं आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर. 'बफर झोन' हा शब्दही दिवसाला ५ टनांहून अधिक क्षमतेच्या प्रक्रिया व विल्हेवाट प्रकल्पांसाठी वापरला होता. हस्तांतरण केंद्राचं नाव त्या व्याख्येत नव्हतं. त्यामुळे निव्वळ अंतराच्या भरवशावर कोर्टात जाणाऱ्यांनी आधी चांगल्या वकिलाशी बोलावं.

पण इथेच एक महत्त्वाचा अपवाद आहे. पुष्कळदा रॅम्प म्हणून आणलेल्या केंद्रात पुढे कचरा वेगळा करणं, भरडणं, गठ्ठे बांधणं सुरू होतं. मग ती प्रक्रिया ठरते का, हा प्रश्न उभा राहतो, आणि ५ टनांवरच्या प्रक्रियेला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: 'इथे फक्त गाडी बदलणार, की आणखी काही होणार?' उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

९. वास येणारच ना? चांगला रॅम्प असा काही असतो का?

असतो. इंदूरला तुमचे कुणी नातेवाईक असतील (पुण्यात अशी घरं पुष्कळ) तर त्यांना तिथलं केंद्र बघून यायला सांगा. ओला आणि सुका वेगवेगळ्या तोंडांतून थेट बंद कंटेनरमध्ये पडतो, दाबला जातो आणि भरलेला कंटेनर हुकवाली गाडी उचलून नेते.

वास कशानं येतो ते समजून घेतलं की अटी आपोआप सुचतात. कचरा जमिनीवर ओतून जेसीबीनं भरला की निम्मा तिथेच चिकटतो, म्हणून तो थेट गाडीत पडला पाहिजे. वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती हव्यात, नाहीतर पहिल्याच वळवात सगळं रस्त्यावर येतं. कचऱ्यातून गळणारं पाणी पावसाळी गटारात नाही, तर टाकीत किंवा सांडपाण्याच्या वाहिनीत गेलं पाहिजे. पुण्यातली पावसाळी गटारं ओढ्यांना आणि ओढे मुळा-मुठेला मिळतात. फरशी रोज धुवायला पाण्याची जोडणी हवी. आत-बाहेर जाणाऱ्या मालाचा वजनकाटा हवा, कारण सकाळी आलेलं वजन आणि संध्याकाळपर्यंत गेलेलं वजन जुळलं नाही तर मधला कचरा तिथेच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, राखीव गाडी. मी ज्या सोसायटीत राहते तिच्या मागच्या रॅम्पवर एरवी फारसा त्रास नसायचा. एका दिवाळीत मोठी गाडी बंद पडली, बदली गाडी चार दिवस आली नाही, आणि त्या चार दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका दमेकरी आजींना मुलीकडे जाऊन राहावं लागलं. तिथे यंत्र होतं, छप्पर होतं, फक्त दुसरी गाडी नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत आधी राखीव गाडीविषयी विचारते.

चालू रॅम्प बघायला जायचं तर मंगळवारी सकाळी नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचा खच येतो तेव्हा किंवा गौरी-गणपतीत जा.

१०. बाणेरच्या प्रकल्पाचा निकाल आम्हाला लागू होतो का?

जसाच्या तसा नाही, पण वाचावा असा आहे. सूस रस्त्यावर बाणेरला ओला कचरा भरडून त्याचा रगडा तळेगावच्या बायोगॅस प्रकल्पाला पाठवला जातो. म्हणजे तेही एका अर्थी मधलं ठिकाणच. आसपासच्या रहिवाशांनी दुर्गंधीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधिकरणानं प्रकल्प बंद करून हलवण्याचा आदेश दिला. १२ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

कारणं बघा. ती जागा २००२ च्या प्रारूप विकास आराखड्यापासून कचऱ्यासाठी दाखवलेली होती. आणि प्रकल्प बंद झाला तर पश्चिम पुण्याचा ओला कचरा शहर ओलांडून पूर्वेला न्यावा लागेल, त्याचा त्रास अधिक लोकांना होईल, असं न्यायालयाला वाटलं. त्याच वेळी न्यायालयानं दर सहा महिन्यांनी 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून पर्यावरण तपासणी करण्याचे आणि लगत दाट झाडी लावण्याचेही निर्देश दिले.

यातून मी दोन गोष्टी घेते. घर घेण्याआधी आसपासची आरक्षणं पाहिली नसतील, तर नंतर न्यायालयात बाजू लंगडी पडते. आणि बाहेरच्या संस्थेची नियमित तपासणी ही मागणी करण्यासारखी आहे. ती सुरुवातीलाच अटींत घालून घेतली तर न्यायालयापर्यंत जावंच लागणार नाही.

११. नदीकाठी मोकळी जागा आहे, तिथे का नाही?

नको. काठावरच्या जागा मोकळ्या राहिल्या त्याला बहुधा कारण निळी पूररेषा (जिच्या आत बांधकामाला मनाई असते ती) असते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. त्या पाण्यात रॅम्पवरचा कचराही असता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

१२. आम्ही विमानतळाच्या बाजूला राहतो. आम्हाला वेगळा नियम आहे का?

भरावासाठी विमानतळापासून २० किलोमीटरचं बंधन २०१६ च्या नियमांत होतं, पण रॅम्पला ते लागू होत नव्हतं (प्रश्न ८). मात्र १९३७ च्या विमान नियमांत दहा किलोमीटरच्या परिघात पक्षी ओढवेल अशी घाण टाकायला मनाई केलेली होती. येरवडा, वडगाव शेरी, विमाननगर, खराडी हा सगळा पट्टा लोहगावच्या हवाई दलाच्या विमानतळापासून त्या अंतरात येतो. उघड्या रॅम्पवर घारी घिरट्या घालतात हे कुणीही पाहू शकतं. त्यामुळे इथे पूर्ण बंदिस्त केंद्राशिवाय दुसरा पर्यायच मान्य करू नका, आणि हवाई दलाचं मत घेतलं का, तेही विचारा.

१३. वस्तीशेजारी जागा दाखवली की प्रस्ताव लगेच मंजूर होतो. असं का?

कारण तिथून हरकती कमी येतात. सकाळी सहाला कामाला जाणारी बाई सोमवारी दुपारी फाइल बघायला येऊ शकत नाही. कमी हरकती म्हणजे संमती, असा अर्थ काढला जातो, आणि तो मला मान्य नाही. सोसायट्यांनी 'आमच्याकडे नको, तिकडे करा' असं बोट वस्तीकडे दाखवलं, तर मी त्या निवेदनावर सही करत नाही. तुलना करायची तर रस्त्याची रुंदी, शाळा-दवाखान्याचं अंतर, गाड्यांच्या वळणाची जागा हे निकष दोन्ही जागांना सारखे लावा आणि वस्तीतली बैठक संध्याकाळी सातनंतर, वस्तीतच घ्या.

१४. कचरावेचक ताईंचं काम जाईल का?

जागा चुकली तर जाऊ शकतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. या ताई ढकलगाडीवर कचरा फीडर पॉइंटपर्यंत, म्हणजे तो गाडीत द्यायच्या ठिकाणापर्यंत आणतात. तो पॉइंट दोन किलोमीटर लांब गेला तर चढावर ढकलगाडी ओढायची कुणी? शिवाय सुका कचरा निवडून विकण्यावर त्यांच्या कमाईचा मोठा भाग उभा आहे. म्हणून नव्या केंद्राच्या नकाशात निवडणीची शेड, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का ते बघा. जागा ठरवताना भागातल्या मुकादमाला आणि या बायकांना विचारा. कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नसतं.

१५. आमच्या फ्लॅटचा भाव पडेल का?

घाण, उघड्या रॅम्पच्या शेजारी नक्कीच गिऱ्हाईक बिचकतं. पण सुनावणीत हा मुद्दा पहिला मांडू नका. तो खरा असला तरी ऐकणाऱ्याचे कान तिथेच बंद होतात. प्रश्न ९ मधल्या अटी पाळल्या गेल्या तर ही भीतीही कमी होते.

१६. 'सहा महिन्यांसाठी तात्पुरता' म्हणून मैदानावर सुरू करतायत. चालू द्यावा?

लेखी शेवटची तारीख, कायम जागेचा ठराव क्रमांक आणि मैदान पूर्ववत करण्याची जबाबदारी कुणाची, या तीन गोष्टी कागदावर असतील तर विचार करा. नसतील तर नाही. तात्पुरत्या जागेवर छप्पर, निचरा, काटा यांवर कुणी खर्च करत नाही, त्यामुळे सर्वांत वाईट रॅम्प हेच असतात.

१७. सुरू झाल्यावर अटी पाळल्या नाहीत तर काय करायचं?

नोंदी ठेवा. तारीख, वेळ, फोटो, ढीग कधी उचलला. आधी आरोग्य निरीक्षक, मग क्षेत्रीय कार्यालयातले सहायक आयुक्त, मग प्रदूषण नियंत्रण मंडळ, असं चढत जा आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. हरित न्यायाधिकरणाकडे वाद न्यायचा तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तक्रारी करत करत ही मुदत उलटून गेलेल्या सोसायट्या मला माहीत आहेत.

'निधी नाही' असं उत्तर मिळालं तर रतलामचा खटला दाखवा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला गटारं आणि स्वच्छता टाळता येणार नाही. तो खटला उपद्रव हटवण्याच्या फौजदारी तरतुदीखाली साध्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांपुढे सुरू केला होता. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे आणि त्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत वजनकाट्याच्या नोंदी जोडा.